बेवड

खेड्यात कोणी दुसऱ्याचे शेत बटाईने करावयास घेऊ लागला, म्हणजे व्यवहार ठरविण्यापूर्वी तो त्या शेतातून एक फेरी मारतो. विहिरीत डोकावून पाणी पाहतो, बांध पाहतो, मातीचे ढेकूळ उचलून हाताने चुरून पाहतो, आणि सरतेशेवटी शेतधन्याला विचारतो, "बेवड कशाचा आहे?"

बेवड म्हणजे काय? आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला बरावाईट परिणाम, त्याला शेतकरी बेवड म्हणतो. 'हरभऱ्याचा बेवड चांगला', 'तुरीचा बेवड चांगला' असे तो सांगतो. एकाच शेतात कापसावर कापूस, पुन्हा कापसावर कापूस असे झालेले असेल, तर तो मान हलवून म्हणतो, "या जमिनीला बेवड नाही." हा शब्द कोणत्याही पंडिताने घडविलेला नाही. अनेक पिढ्यांनी मातीत राबून जे पाहिले, ते त्यांनी या तीन अक्षरांत साठवून ठेवले. परंतु पीक बदलले असता जमीन का सुधारते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ काळ अर्धेच ठाऊक होते. उरलेल्या अर्ध्या उत्तराचा मोठा भाग जमिनीखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या जगात दडलेला आहे. त्याचीच ओळख या पाठात आपण करून घेणार आहोत.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या अखेरीस, मी छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या वाटेवरील एका गावी गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी तेथे शेती करतो. त्याचे शेत पाच एकरांचे आहे. बांधापलीकडे त्याच्या चुलत्यांचे शेत आहे. दोन्ही शेतांची माती काळी, दोन्हींवर पडणारा पाऊस एकच. तरीही चुलत्यांच्या शेतातील पऱ्हाटी कमरेच्या वर गेली होती. याची मात्र गुडघ्याहून थोडी वर येऊन थबकली होती आणि तिच्या पानांवर तजेला नव्हता.

"गुरुजी," तो म्हणाला, "बियाणे दरवर्षी नवे आणतो. खताचे एक पोते वाढवितो. तरी कापूस वर्षागणिक घटतो आहे. जमीन माझ्यावर रुसली की काय, कळत नाही."

"किती वर्षे कापूस लावतोस?" मी विचारले.

"सलग नऊ वर्षे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च आहे, सोसायटीचे कर्ज आहे. कापूस विकला म्हणजे रोख पैसा हाती येतो. ज्वारीने घर चालते, पण कर्ज फिटत नाही."

त्याचे चुलते मात्र एका वर्षी कापसात तुरीच्या ओळी पेरीत, दुसऱ्या वर्षी ज्वारी घेत, तिसऱ्या वर्षी मूग काढून त्यावर हरभरा करीत. एका बांधाच्या दोन बाजू पाहून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला ठाऊक होते. तथापि त्या दिवशी माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला, त्याचा मागोवा घेता घेता मी मातीखालच्या एका विलक्षण भागीदारीपर्यंत जाऊन पोहोचलो.

मुलांनो, कवक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिळ्या भाकरीवरील बुरशी येते. कवक म्हणजे नासाडी करणारी वस्तू, अशी आपली समजूत असते. काही कवके पिकांना रोगही आणतात, हे खरे. परंतु मातीत राहणारी कित्येक कवके वनस्पतींची जिवलग सोबती आहेत. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने वनवृक्षांच्या मुळांचा अभ्यास केला. ट्रफल नावाचे जमिनीखाली वाढणारे खाद्य कवक शेतात पिकविता येईल काय, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या सरकारने त्याच्याकडे सोपविले होते. ट्रफलची शेती साधली नाही. पण वृक्षांच्या मुळांभोवती कवकांचे वेष्टन असते आणि ते झाडास अपाय न करता उलट त्याचे पोषण करते, असे त्याच्या ध्यानात आले. या जोडीला त्याने 'मायकोरायझा' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'मायकेस' म्हणजे कवक आणि 'रायझा' म्हणजे मूळ. आपण त्यास कवकमूळ म्हणू या.

पुढे असे आढळले की, ही मैत्री केवळ वनवृक्षांपुरती नाही. ज्वारी, बाजरी, मका, तूर, हरभरा, कापूस, ऊस, कांदा, मोसंबी अशा आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांत निराळ्या जातींची कवके राहतात. ही मैत्री फार पुरातन आहे. स्कॉटलंडमधील रायनी या गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे दगड झालेले अवशेष सापडले आहेत; त्यांतही अशी कवके दिसतात. त्या वनस्पतींना आजच्यासारखी मुळेदेखील नव्हती. वनस्पती जमिनीवर आल्या, तेव्हापासून हा सोबती त्यांच्याबरोबर आहे.

आता ही भागीदारी चालते कशी, ते पाहू. पिकास स्फुरद लागते. आपल्या काळ्या मातीत स्फुरद नसते असे नाही. परंतु या मातीत चुन्याचे प्रमाण अधिक असल्यामुळे स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि मुळांना सहज मिळत नाही. शिवाय नत्र जसे पाण्याबरोबर वाहते, तसे स्फुरद वाहत नाही. मुळाने आपल्या भोवतालचे स्फुरद शोषून घेतले, की त्या मुळाभोवती एक-दोन मिलिमीटरांचा रिकामा पट्टा तयार होतो. ताटातील घास संपला आहे, दुसरे ताट हाताशी नाही, अशी त्या मुळाची स्थिती होते.

अशा वेळी कवक धावून येते. कवकाचे तंतू केसाहूनही कितीतरी बारीक असतात. जेथे मूळ शिरू शकत नाही, अशा मातीच्या सूक्ष्म फटींतून ते शिरतात आणि तो रिकामा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर दूर जातात. निरोगी जमिनीच्या एका ग्रॅम मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, हे तंतू काही मीटर लांबीचे असू शकतात! दुरून वेचून आणलेले स्फुरद, जस्त आणि थोडे पाणी ते मुळाच्या आत आणून पोहोचवितात. मुळाच्या पेशीत शिरल्यावर तंतूला असंख्य फांद्या फुटतात आणि इवल्याशा झाडासारखी आकृती तयार होते. देवाणघेवाणीची ही जणू बाजारपेठच होय.

देणे एकीकडून असेल, तर ती भागीदारी कसली? कवकाला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. पान सूर्यप्रकाशात जे अन्न तयार करते, त्यातील काही वाटा वनस्पती कवकाला देते. हा वाटा शंभरात चारपासून वीसपर्यंत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यांखेरीज कवकाचे तंतू मातीचे कण एकमेकांशी बांधून ठेवतात. त्यामुळे माती रवाळ राहते, तिच्यात हवा खेळते आणि पाऊस मुरतो. जेथे वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातही मध्येच तीन-तीन आठवडे उघडीप होते, त्या आपल्या प्रदेशात या सेवेचे मोल किती मोठे आहे, हे सांगावयास नको.

मग एकाच पिकामागून तेच पीक घेतले, म्हणजे काय होते? कापूस हा कवकांचा शत्रू नाही. उलट कापूस हे त्यांच्यावर बरेचसे विसंबून असणारे पीक आहे. म्हणून सलग कापूस घेतल्याने कवके नाहीशी होतात, असे म्हणणे बरोबर होणार नाही. बिघाड होतो तो निराळ्या प्रकारे.

या कवकांच्या शेकडो जाती आहेत. एखादी जात स्फुरद आणण्यात कुशल, एखादी दुष्काळात टिकणारी, एखादी मातीचे कण बांधण्यात पटाईत. नाना प्रकारची पिके आलटून पालटून शेतात आली, तर नाना प्रकारची कवके तेथे नांदतात. एकच पीक वर्षानुवर्षे राहिले, की त्या पिकाच्या मुळांत जलद वाढणाऱ्या मोजक्या जाती पुढे सरसावतात आणि इतर मागे पडतात. जलद वाढणारा सोबती उपकारकच असेल, असे मात्र नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नॅन्सी जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलग मका आणि सलग सोयाबीन घेतलेल्या शेतांतील कवकांची तपासणी केली. १९९२ साली त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते विचार करावयास लावणारे आहेत. सलग मक्याच्या शेतात ज्या कवकांची भरभराट झाली होती, ती जेथे अधिक, तेथे मक्याचे उत्पन्न कमी आढळले. परंतु त्याच कवकांच्या सहवासात सोयाबीन मात्र चांगले आले!

यावरून त्यांनी असा तर्क केला की, दीर्घकाळ एकाच यजमानाच्या घरी राहिलेल्या कवकांत, घेणे अधिक आणि देणे कमी अशा जातींची संख्या वाढत जाते. पाहुणा घरचा झाला, की कामास हात लावीनासा होतो, तसाच हा प्रकार. यजमान बदलला, की ही घडी मोडते. आमचे सिल्लोड व कन्नडकडील मका पिकविणारे शेतकरी याच गोष्टीला एका शब्दात 'बेवड' म्हणतात.

कवकांना आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे जिवंत मूळ. मूळ नसेल, तर त्यांना अन्न नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात डार्लिंग डाउन्स नावाचा प्रदेश आहे. तेथील माती आपल्यासारखीच काळी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तेथील शेतकरी पाणी साठावे म्हणून जमीन वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पडीक ठेवीत. पुढे पेरलेले पीक, ओल भरपूर असूनही, खुरटे राही. हे कोडे पुष्कळ दिवस सुटले नव्हते. १९८७ साली जॉन थॉम्पसन या संशोधकाने दाखवून दिले की, दीर्घकाळ मुळे नसल्याने कवके उपासमारीने क्षीण होतात आणि त्यामुळे पिकास स्फुरद व जस्त मिळत नाही. आपल्याकडे पऱ्हाटी उपटल्यापासून मृगापर्यंत शेत उघडे असते. तो काळ इतका दीर्घ नसला, तरी वर्षांमागून वर्षे तेवढीच उपासमार होते. त्यात खोल नांगरटीने तंतूंचे जाळे पुनःपुन्हा तुटते.

आणखी दोन कारणे सांगावयास हवीत. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट ही मंडळी या कवकांशी मैत्री करीत नाहीत. एखाद्या मळ्यात केवळ कोबीमागून फ्लॉवर आणि फ्लॉवरमागून कोबी होत राहिला, तर कवकांना तेथे यजमानच उरत नाही. दुसरे कारण खताचे. स्फुरदयुक्त खत मुळाशी भरपूर मिळाले, म्हणजे पीक कवकाला अन्नाचा वाटा देण्यात हात आखडता घेते. माझ्या विद्यार्थ्याने कापूस घटला म्हणून खत वाढविले. खत वाढले म्हणून सोबती दुरावला असेल. आणि सोबती दुरावला म्हणून खताची गरज आणखी वाढली असेल. अशा रीतीने माणूस नकळत एका चक्रात सापडतो.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. सलग एक पीक घेतल्याने उत्पन्न घटते, त्याचे कवक हे एकच कारण नव्हे. त्या पिकाचे रोग व किडी जमिनीत मुक्काम ठोकतात, तीच अन्नद्रव्ये पुनःपुन्हा उपसली जातात, मातीतील कुजलेला पालापाचोळा कमी होतो. कोणते कारण किती, हे शेताशेतांत निराळे असते. खरे शास्त्र एका कारणावर सारा भार टाकीत नाही.

काळ्या मातीतील कापसाचा आणि कवकांचा विचार आपल्या देशात फार पूर्वी सुरू झाला होता. होळकरांच्या इंदूर संस्थानात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड हे कापसावर संशोधन करणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. शेतातील काडीकचरा, शेण आणि माती यांपासून कंपोस्ट करण्याची त्यांची पद्धत 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर गेली. पऱ्हाट्या आणि तुराट्या फार टणक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून हॉवर्ड त्या शेतातील रस्त्यावर पसरून ठेवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ देत! पुढे १९४० साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पिकांच्या मुळांतील कवकांचे महत्त्व आग्रहाने मांडले. आज मराठवाड्यात पऱ्हाट्या बहुधा चुलीत जातात किंवा बांधावर जाळल्या जातात. तो धूर पाहिला, की मला इंदूरच्या त्या रस्त्याची आठवण होते.

मग उपाय कोणता? अलीकडे बाजारात मायकोरायझाची पाकिटे मिळतात. ती कोठे उपयोगी पडतात, कोठे पडत नाहीत. पाहुणा घरी बोलाविला, पण घरात अन्न नाही आणि राहावयास जागा नाही, तर तो किती दिवस राहील? सोबत्यांना घर करून देणे हाच खरा उपाय. पिकांचा फेरपालट करावा, कापसात तुरीच्या ओळी पेराव्यात, माती तपासून हवे तेवढेच खत द्यावे, कंपोस्ट घालावे, आवश्यकतेहून अधिक नांगरट टाळावी. तुरीच्या व हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, हा तर दुहेरी लाभ. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना बदनापूर लागते. तेथील कृषी संशोधन केंद्राने तुरीचे 'बीडीएन ७११' यांसारखे वाण शेतकऱ्यांना दिले आहेत.

त्या दिवशी मी माझ्या विद्यार्थ्याला कापूस सोडून दे, असे सांगितले नाही. सांगण्याचा मला अधिकारही नव्हता. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला रोख पीक सोडण्याचा उपदेश करणे सोपे असते. निभावणे त्याला असते. आम्ही बांधावर बसून हिशेब केला. पाच एकरांपैकी तीन एकरांत कापूस, पण त्यात तुरीच्या ओळी; दोन एकरांत मूग आणि त्यावर हरभरा; पुढल्या वर्षी जागा बदलावयाची. पहिल्या वर्षी हाती पैसा कमी आला. त्याने मला तसे स्पष्ट सांगितले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या वर्षी हरभऱ्याच्या जागी लावलेला कापूस बरा आला. चुलत्यांच्या कापसाइतका नाही, पण बरा. तिसऱ्या वर्षी पाऊसच कमी झाला आणि साऱ्या गावाचे पीक बसले. जमिनीची सुधारणा अशीच होते. संथपणे, मध्येच ठेचाळत.

मागील संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला होता. जाताना म्हणाला, "गुरुजी, शेजारचे एक शेत बटाईने घ्यावे म्हणतो. जमीन बरी आहे."

मी काही विचारण्याच्या आत तोच हसून म्हणाला, "बेवड विचारला आहे, गुरुजी. तुरीचा आहे."

शब्दार्थ

बटाई – पिकाचा वाटा ठरवून दुसऱ्याची शेती करण्याची पद्धत. पऱ्हाटी – कापसाचे झाड. तुराटी – तुरीचे वाळलेले झाड. स्फुरद, नत्र, जस्त – पिकांना लागणारी अन्नद्रव्ये. उघडीप – पावसाळ्यात पाऊस थांबल्याचा काळ. यजमान – ज्याच्या घरी पाहुणा उतरतो तो. फेरपालट – आलटून पालटून बदल. वाण – पिकाची विशिष्ट जात.

स्वाध्याय

१. 'बेवड' या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

२. काळ्या मातीत स्फुरद असूनही ते पिकास सहज का मिळत नाही?

३. कवक आणि वनस्पती एकमेकांना काय देतात?

४. मिनेसोटा येथील संशोधनावरून कोणता तर्क काढण्यात आला?

५. 'खरे शास्त्र एका कारणावर सारा भार टाकीत नाही', असे लेखक का म्हणतात?

६. लेखकाने आपल्या विद्यार्थ्याला कापूस सोडण्यास का सांगितले नाही? तुम्हाला ते योग्य वाटते काय? कारणे द्या.

७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : धावून येणे, हात आखडता घेणे, मुक्काम ठोकणे, मान हलविणे.

८. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द पाठातून शोधा : मित्र, भरभर, उथळ, जवळ.

उपक्रम

(अ) वर्षानुवर्षे न नांगरलेल्या बांधावरील मातीचे एक ढेकूळ आणि शेतातील तेवढेच एक ढेकूळ घ्या. दोन्ही सावलीत वाळवा. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन त्यांत ती एकाच वेळी हलकेच सोडा. कोणते आधी विरघळते, ते पाहा व कारणांची वर्गात चर्चा करा.

(आ) तुमच्या घरातील किंवा शेजारील वडीलधाऱ्या शेतकऱ्यास विचारून, त्यांच्या शेतात गेल्या पाच वर्षांत कोणकोणती पिके घेतली गेली, याचा तक्ता तयार करा. कोणत्या पिकाचा बेवड कोणत्या पिकास चांगला, याविषयी त्यांचे मत लिहून आणा.